गुळवेल : गुणाची आणि अपायाची वाट एकच

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्तनलिकेत अडथळा आल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण त्यांनी दोन गटांत विभागले होते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्याच उपचारांच्या जोडीने गुळवेल दिली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटातले ९२ टक्क्यांहून अधिक. पुढे २०२१ साली मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांचा एक अहवाल आला. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृतदाह झाल्याची नोंद त्यात होती.

शहर तेच, वेल तीच आणि अवयवही तोच. निष्कर्ष मात्र उलटे. साहजिकच दोन तट पडले. आयुर्वेदाची बदनामी चालली आहे, असे एका बाजूचे म्हणणे. काढ्यांच्या नावाखाली विष विकले जाते आहे, असे दुसरीचे. दोन्ही अभ्यास शेवटपर्यंत वाचले तर मात्र ते एकमेकांना खोडत नाहीत. उलट गुळवेल शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा दोन्ही मिळूनच होतो. त्या उलगड्यासाठी ग्रंथ, रसायनशास्त्र आणि रुग्णांवरच्या चाचण्या या तिन्हींकडे पाहावे लागते.

वेल आणि तिच्या बहिणी

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुळ मेनिस्पर्मेसी. महाराष्ट्रात कुंपणांवर, आंब्यावर, कडुनिंबावर ती सहज आढळते. कोकण-गोव्यात तिला अमृतवेलही म्हणतात. पाने हृदयाच्या आकाराची, साल पापुद्र्यासारखी सुटणारी, फुले बारीक हिरवट-पिवळी आणि पिकल्यावर लाल होणारी वाटाण्याएवढी फळे. कांड आडवे कापले तर आतली रचना चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. वरच्या फांद्यांतून दोऱ्यांसारखी हवाई मुळे लोंबतात, त्यामुळे बुंधा तोडला तरी वेल मरत नाही. तुकडा ओल्या जमिनीत खोचला की पुन्हा फुटतो. कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ, असे वैद्यपरंपरा मानते.

औषधात वापरतात ते कांड. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ते पक्व असावे आणि उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावे. चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम कांड, असे प्रमाणही तिथे दिलेले आहे. हे आकडे पुढे उपयोगी पडतील.

याच प्रजातीतल्या आणखी दोन वेली ध्यानात ठेवायला हव्यात. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही आपल्याकडेच उगवते. तिची पाने लवदार असतात आणि काही प्रांतांत ती गुळवेल म्हणूनच विकली जाते. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. ती मुख्यतः आग्नेय आशियातली, पण ईशान्य भारतातही सापडणारी. तिच्या करड्या कांडावर चामखिळीसारखे फोड असतात आणि फळे लांबट, नारिंगी असतात. पानांवरून ओळखायला गेल्यास नवख्याची फसगत होते. कांडाकडे पाहिले तर सहसा होत नाही. वाळवून तुकडे केल्यावर किंवा दळून चूर्ण केल्यावर मात्र जाणकाराचाही नुसत्या डोळ्यांवर भरवसा राहत नाही.

ग्रंथांतली गुळवेल

चरकसंहितेत बुद्धीला हितकर अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे चूर्ण आणि शंखपुष्पीचा कल्क यांच्या पंक्तीत गुडूचीचा रस आहे. वय टिकवून धरणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणातही चरकाने अमृता, म्हणजे गुळवेल, घातली आहे. सुश्रुताने तिच्या नावाने एक गणच केला आणि वल्लीपंचमुळांतही तिला स्थान दिले. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात गुडुच्यादि वर्गाचा आरंभ तिच्यापासून होतो. रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि त्याचे थेंब जिथे सांडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा त्या ग्रंथात येते.

गुणवर्णन असे: रस कडू आणि तुरट, वीर्य उष्ण, विपाक मधुर, तिन्ही दोषांचे शमन करणारी. उपयोगांची यादी लांब आहे. जुनाट ताप, तहान, दाह, कावीळ, प्रमेह, त्वचाविकार, आमवात आणि विशेषेकरून वातरक्त, म्हणजे सांधे लाल होऊन ठणकणारा, आजच्या गाऊटशी बराच जुळणारा विकार. अमृतारिष्ट, अमृतादि गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, संशमनी वटी आणि गुळवेल सत्त्व ही गुळवेल असलेली, आजही चालणारी औषधे.

मात्र या यादीहून महत्त्वाचा आहे वापराचा शिस्तबद्धपणा. गुळवेल वातविकारात तुपाबरोबर, मलावरोधात गुळाबरोबर, पित्तात साखरेबरोबर, कफात मधाबरोबर, वातरक्तात एरंडेलाबरोबर आणि आमवातात सुंठीबरोबर द्यावी, असे निघंटूकार सांगतात. रसायन म्हणून द्यायची तर आधी शरीरशुद्धी करावी आणि रुग्णाचे वय, बल, अग्नी, ऋतू हे सारे पाहावे, असा दंडक आहे. सरसकट सगळ्या घराने सकाळी पेलाभर काढा महिनोन्‌महिने प्यावा, असा उपदेश जुन्या वैद्यकात शोधूनही सापडणार नाही.

कांडात दडलेली रसायने

गुळवेलीतून शेकड्याने संयुगे वेगळी केली गेली आहेत. ती चार गटांत मांडली की चित्र स्पष्ट होते.

पहिला गट अल्कलॉइडांचा. बर्बेरिन, पाल्मेटिन, जॅट्रोऱ्हायझिन आणि मॅग्नोफ्लोरिन ही त्यातली मुख्य. बर्बेरिन पिवळे आणि जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध; पण ते मुबलक मिळते दारुहळदीत, गुळवेलीत त्याचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे गुळवेलीचा सारा गुण बर्बेरिनच्या खात्यावर टाकणे चूक ठरते. या अल्कलॉइडांनी उंदरांत आणि पेशींच्या संवर्धनांत इन्सुलिनचा स्राव वाढवल्याच्या नोंदी आहेत. प्रमेहातल्या जुन्या वापराला त्यातून थोडा आधार मिळतो.

दुसरा गट डायटर्पिनॉइडांचा. वेलीच्या कडूपणाचा मोठा वाटा यांचा. टिनोस्पोराइड, कोलंबिन, टिनोस्पोरासाइड ही यातली परिचित नावे. यांतली बरीच संयुगे क्लेरोडेन नावाच्या सांगाड्यावर बांधलेली असतात आणि त्यांच्या एका टोकाला फ्युरान हे पाच अणूंचे कडे असते. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे हे कडे निरुपद्रवी दिसते, पण यकृतात त्याचे काय होऊ शकते ते पुढे येईलच.

तिसरा गट ग्लायकोसाइडांचा, म्हणजे साखरेच्या रेणूशी जोडलेल्या संयुगांचा. कॉर्डिफोलिओसाइड, सिरिंजिन आणि टिनोकॉर्डिसाइड यांत मोडतात. प्रयोगशाळेत या गटातल्या अनेकांनी भक्षक पेशींना, म्हणजे जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींना, उद्युक्त केलेले दिसते. कॉर्डिफोलिओसाइड आणि टिनोस्पोरासाइड ही गुळवेलीची ओळख पटवण्यासाठी खूणद्रव्ये म्हणूनही वापरली जातात.

चौथा गट पॉलिसॅकराइडांचा, साखरेच्या लांब साखळ्यांचा. आणि इथे मुंबईचा पुन्हा संबंध येतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली गुळवेलीच्या कांडातून एक अराबिनोगॅलॅक्टन वेगळे केले आणि त्याला जी१-४ए असे नाव दिले. ते प्रतिकारयंत्रणेतल्या बी पेशींना आणि भक्षक पेशींना जागे करते. पुढच्या कामातून उलगडले की हे घडते टीएलआर-४ या ग्राहीमार्फत. पेशींच्या पृष्ठभागावरची ही ग्राही मुळात आहे जिवाणू ओळखण्यासाठी. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला विशिष्ट घटक तिला चिकटला की शरीरात संसर्गाची वर्दी जाते. गुळवेलीतली ही साखरेची साखळी त्याच जागी जाऊन बसते. म्हणजे शरीरात जंतू नसतानाही जंतू आल्याची वर्दी देण्याची क्षमता या वेलीत आहे.

कोणते संयुग पोटात जाईल, हे ठरते औषध कसे बनवले यावर. पाण्याच्या काढ्यात पॉलिसॅकराइडे आणि ग्लायकोसाइडे चांगली उतरतात. अल्कोहोलमध्ये डायटर्पिनॉइडे अधिक विरघळतात. सत्त्वाचा प्रकार तर सर्वस्वी निराळा. ताजी कांडे कुटून रात्रभर पाण्यात भिजवतात, चोळून गाळतात, पाणी निवळू देतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका म्हणजे मुख्यतः पिष्ट. कडू द्रव्यांचा बराचसा भाग वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून काढा, चूर्ण, घनवटी, अरिष्ट आणि सत्त्व ही रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाच वेगळी औषधे आहेत. एकावर केलेल्या चाचणीचा निकाल दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही.

केईएममधले काम

गुळवेलीवरच्या आधुनिक संशोधनात केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय यांचा वाटा मोठा. औषधशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९०च्या दशकांत रसायन गणातल्या वनस्पती एकेक करून तपासल्या.

त्यांच्या एका प्रयोगात प्राण्यांच्या उदरपोकळीत ई-कोलाय जिवाणूंचा संसर्ग घडवला होता. ज्या प्राण्यांना आधी गुळवेल दिली होती, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण बरेच घटले. गंमत अशी की परीक्षानळीत हीच गुळवेल जिवाणूंना मारू शकत नव्हती. तिने जिवाणूंवर हल्ला केला नाही. प्राण्याच्या पेशींना हल्ल्यासाठी सज्ज केले. प्रतिजैविकापेक्षा हा मुळातच वेगळा मार्ग झाला.

आता सुरुवातीच्या कावीळ-अभ्यासाकडे परत येऊ. पित्ताचा मार्ग बंद झाला की यकृतातल्या भक्षक पेशी मंदावतात, आतड्यातले जंतू आणि त्यांची विषे रक्तात शिरतात. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया केली तर ती यशस्वी होऊनही पुढे जंतुदोषाने मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आधी नळी घालून पित्ताला वाट करून देतात. ही वाट चालू असतानाच्या काळात एका गटाला वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम या मात्रेने गुळवेल दिली. साठ किलोच्या माणसासाठी ही मात्रा दिवसाला एक ग्रॅमच्या आतच राहते. गुळवेल न मिळालेल्या गटात निम्म्या रुग्णांना जंतुदोष झाला, मिळालेल्या गटात एकालाही नाही.

या अभ्यासातले एक वाक्य मात्र जाहिरातींत कधीच येत नाही. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच सुधारले होते. फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या जंतू गिळण्याच्या आणि मारण्याच्या ताकदीत. ती गुळवेल घेतलेल्यांतच पूर्ववत झाली. म्हणजे गुळवेलीने यकृत दुरुस्त केले नाही, दबलेली प्रतिकारशक्ती उचलून धरली. या अभ्यासाचा हवाला देऊन गुळवेलीला यकृताचे टॉनिक म्हणणारे त्याचा मुख्य निष्कर्षच बाजूला ठेवतात.

इतर चाचण्या काय सांगतात

नागपूरच्या संशोधकांनी २००५ साली ॲलर्जीच्या सर्दीवर एक चाचणी प्रसिद्ध केली. ७५ रुग्ण, आठ आठवडे, एका गटाला गुळवेलीचा अर्क आणि दुसऱ्याला औषधाविना गोळी. अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांच्या शिंका पूर्ण थांबल्या. दुसऱ्या गटात ७९ टक्क्यांना शिंकांपासून आराम पडला नाही. निकाल लक्षणीय आहे आणि एका दृष्टीने कोड्यात टाकणाराही. ॲलर्जी हा अतिउत्साही प्रतिकारशक्तीचा विकार. मग प्रतिकारशक्ती जागवणारी वेल तिथे उपयोगी कशी? याचे उत्तर असे की प्रतिकारयंत्रणेची अनेक अंगे असतात. एक अंग चढले की दुसरे उतरू शकते. ‘इम्युनिटी बूस्टर’ या घोषणेत ही गुंतागुंत मावत नाही.

नागपूरच्याच २००८च्या चाचणीत एचआयव्हीबाधितांना सहा महिने गुळवेल दिली होती. अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के आणि औषधाविना गोळी घेणाऱ्यांपैकी २० टक्के रुग्णांनी त्रासदायक लक्षणे कमी झाल्याचे सांगितले. मात्र अर्क घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन काहीसे घटले आणि भूक मंदावणे, मळमळ, उलट्या, अशक्तपणा अशा तक्रारी आल्या. मुंबईत २००७ साली मधुमेही पायांच्या जखमांवर शस्त्रक्रियेच्या जोडीने गुळवेल देऊन पाहिली. जखम भरण्याचा कल चांगला दिसला, पण भरण्याच्या वेगातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही.

मधुमेह, स्मरणशक्ती, सांधेदुखी आणि कर्करोग यांवरचा बराचसा पुरावा उंदीर आणि पेशीसंवर्धने यांच्या पातळीवरचा आहे. तो दिशा दाखवतो, निर्णय देत नाही. एकूण हिशेब मांडला तर गुळवेलीच्या बाजूने बोलणाऱ्या माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत, ठराविक अर्काच्या आहेत, मोजक्या मुदतीच्या आहेत आणि त्यांत रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली आहेत.

साथीच्या काळातला काढा

२०२० साली हे सारे निर्बंध गळून पडले. आयुष मंत्रालयाने सुरुवातीला सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी होती. त्यात गुळवेल नव्हती. त्या वर्षाच्या उत्तरार्धातल्या मार्गदर्शनात गुडूची घनवटी आली, तीही ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १५ दिवस ते एक महिना अशी. लोकांनी नाव उचलले, मात्रा आणि मुदत मागेच राहिली. कुंपणावरची वेल तोडून रोज उकळायची, भीती संपेपर्यंत प्यायची, असे घरोघरी चालले. गोळ्या, रस आणि सरबते यांचा बाजारही भरला.

मुंबईतल्या त्या सहा रुग्णांची नोंद २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळातली. त्यांच्या यकृताच्या तपासणीत आढळलेल्या खुणा स्वयंप्रतिकार यकृतदाहाशी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या विकाराशी, मिळत्याजुळत्या होत्या. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली होती याचे विश्लेषण झाले नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, असा मुद्दा होता. आक्षेप वैज्ञानिकदृष्ट्या रास्त होता.

त्यानंतर २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. अनेकांना आधीपासूनच यकृताचा जुना आजार होता आणि बऱ्याच जणांना त्याची कल्पना नव्हती. गुळवेलीशी निगडित यकृतदाहात स्वयंप्रतिकाराची लक्षणे दिसतात आणि दबून असलेला स्वयंप्रतिकार विकार ती उघडा पाडू शकते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

दोन्ही निष्कर्षांचा मेळ

अपायाची तीन स्पष्टीकरणे पुढे येतात आणि तिन्हींना काही आधार आहे.

पहिले, चुकीच्या वेलीचे. टिनोस्पोरा क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी स्वतंत्रपणे आहेत. थायलंडमध्ये मधुमेहींवर तिची चाचणी घेतली असता दोन रुग्णांची यकृतातील विकरे बरीच वाढली होती. घरी तोडलेल्या किंवा बाजारातून आणलेल्या मालात ती मिसळणे शक्य आहे. परंतु ही वेल महाराष्ट्रात सर्रास उगवत नाही, त्यामुळे सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

दुसरे, फ्युरानचे. यकृतातली सायटोक्रोम विकरे फ्युरानचे कडे उघडतात तेव्हा तयार होणारा तुकडा अतिशय क्रियाशील असतो आणि तो यकृताच्या प्रथिनांना चिकटतो. जर्मँडर या युरोपीय वनस्पतीत अशीच फ्युरानयुक्त क्लेरोडेन द्रव्ये असतात. वजन घटवण्यासाठी ती घेणाऱ्यांना यकृतदाह होऊ लागला तेव्हा फ्रान्सने १९९२ साली तिच्या औषधांवर बंदी घातली. गुळवेलीतल्या काही डायटर्पिनॉइडांची घडण याच घराण्यातली आहे. त्यावरून गुळवेल जर्मँडरइतकी घातक ठरत नाही. मात्रा आणि मुदत यांना महत्त्व का, ते मात्र कळते.

तिसरे स्पष्टीकरण मला सर्वांत वजनदार वाटते, कारण ते १९९३चा आणि २०२१चा असे दोन्ही निकाल एका सूत्रात ओवते. गुळवेल प्रतिकारयंत्रणेला चाळवते. पित्त अडल्यामुळे ज्याची यंत्रणा गळून गेली आहे, अशा रुग्णाला थोड्या दिवसांसाठी, मोजक्या मात्रेत ही चाळवणी जीवदान ठरते. ज्याची यंत्रणा आतून आधीच स्वतःच्या यकृतावर, थायरॉइडवर किंवा सांध्यांवर डोळे वटारून बसली आहे, त्याच्या बाबतीत तीच चाळवणी आगीत तेल ओतते. बाकी बहुसंख्यांना ना मोठा लाभ, ना मोठा त्रास. लाखो लोकांनी काढा प्यायला आणि थोड्यांनाच यकृतदाह झाला, याची संगती इथे लागते. आणि ‘आमच्या घरी सगळ्यांनी घेतली, कुणाला काही झाले नाही’ हा अनुभव खरा असूनही पुरावा म्हणून तोकडा का पडतो, तेही कळते.

कायदा आणि बाजार

औषधी वेलीच्या वापराला सुरक्षिततेचे कुंपण घालण्याचे काम कायद्याचे. औषध नियमांतल्या १५८-ब या नियमानुसार शास्त्रोक्त ग्रंथात सांगितलेल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाच्या परवान्यासाठी नव्या चाचण्या लागत नाहीत. ग्रंथाचा आधार पुरतो. शतकानुशतकांच्या वापराला मान देणारी ही तरतूद आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र जुना वापर ज्या मात्रेचा, ज्या अनुपानाचा आणि ज्या मुदतीचा होता, तो मोडून विक्री होऊ लागली की ग्रंथाचा आधारही गळून पडतो. चाचणी न करताच माल विकता येत असेल, तर मोठी चाचणी करण्याची गरज उत्पादकाला भासत नाही.

आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा सरकारने उभी केली आहे आणि तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. पण नोंद तेव्हाच होते, जेव्हा रुग्ण डॉक्टरला सांगतो. ‘काढा म्हणजे काही औषध नव्हे’ या समजुतीमुळे तो सांगतच नाही.

भेसळीचा प्रश्न सत्त्वाच्या बाबतीत सर्वांत अवघड. खरे सत्त्व थोडे निघते आणि मेहनत फार लागते. आरारूट किंवा बटाट्याचे पिष्ट त्यात सहज खपते. आयोडिनचा थेंब टाकला की सत्त्व निळे होते, तसे आरारूटही होते. फरक कळायला सूक्ष्मदर्शक किंवा खूणद्रव्यांची चाचणी लागते. ती सुविधा ग्राहकाकडे नसते. म्हणून ती जबाबदारी उत्पादकाची आणि अन्न व औषध प्रशासनाची.

काय घ्यावे, काय टाळावे

सगळा पुरावा समोर ठेवून निर्णय द्यायचा तर तो असा. गुळवेल हे निर्विवाद औषध आहे. प्रतिकारयंत्रणेवर तिचा परिणाम प्रयोगशाळेत आणि रुग्णांतही दिसलेला आहे, आणि ॲलर्जीची सर्दी, जंतुदोषाचा धोका असलेली कावीळ यांसारख्या ठिकाणी तिच्यावर मोठ्या, अनेक केंद्रांवरच्या चाचण्या व्हायला हव्यात. १९९३च्या अभ्यासाइतका आशादायक निकाल ३० रुग्णांवर थांबून राहावा, ही आपल्या संशोधनव्यवस्थेची मोठी उणीव आहे. जी औषध म्हणून सिद्ध होते, ती रोजच्या चहासारखी पिण्याची वस्तू मात्र राहत नाही, हेही तितकेच खरे.

स्वयंप्रतिकार विकार असणाऱ्यांनी, यकृताचा कोणताही जुना आजार असणाऱ्यांनी आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अधिक उतरू शकते, त्यामुळे तिथेही वैद्याचा सल्ला लागतो. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर सल्ल्याशिवाय तिला हात लावू नये. वैद्याने दिलीच तर कांड खात्रीच्या ठिकाणचे असावे, मात्रा फार्माकोपियातली असावी आणि मुदत ठरलेली असावी. मुदत संपल्यावर ‘चांगली वाटते’ म्हणून पुढे चालू ठेवू नये.

उत्पादकांनी वेष्टनावर वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, अर्काचा प्रकार आणि खूणद्रव्याचे प्रमाण छापावे. यकृतविकार आणि स्वयंप्रतिकार विकार यांबद्दलची सूचना ठळक अक्षरांत द्यावी. ही मागणी आयुर्वेदाच्या विरोधातली नाही. मात्रा, काळ आणि रुग्ण पाहून औषध द्यावे, हा आयुर्वेदाचाच नियम आहे. आणि वाचकांना सांगणे इतकेच: गुळवेल घेत असाल तर डॉक्टरांकडे गेल्यावर इतर औषधांबरोबर तिचेही नाव सांगा. भूक मंदावली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर ती त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.